पोट बाईचेच का उघडावे?



पाळणा थांबवावयाचा ठरला की शस्त्रक्रियेस बाईनेच जावे, हा नियम कोणी घातला? २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातील दर १०० विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. नवऱ्याने करून घेतलेली जोडपी हजारी ३!

पुरुष म्हणतात, भीती वाटते. १९७६ साली सरकारने गावोगाव माणसे धरून नेली, ती भीती खोटी नव्हती. पण जुलूम सरकारचा आणि शिक्षा बायकोला, हा कुठला न्याय?

बाईचे पोट उघडावे लागते. पुरुषाची जागा बधिर करून बारीक छिद्रातून बीज नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. टाका नाही, माणूस त्याच दिवशी घरी. अंडाला धक्का नाही, म्हणून ताकद, इच्छा, दाढीमिशी जशीच्या तशी. नांगर, घण आठवडाभर बाजूला ठेवा, मग खुशाल धरा. हा उपाय कायमचा आहे. मन पक्के नसेल त्याने निरोध वापरावा, त्यात लाज कसली?

एक गोष्ट मात्र नीट ऐका. नळीत उरलेले बीज लगेच जात नाही. तीन महिने निरोध वापरावा, मग धातू तपासून घ्यावा. ही तपासणी पुष्कळजण टाळतात, आणि बाईला दिवस गेले की तिच्याच शीलावर शिंतोडे उडवितात. अशा वेळी आधी स्वतःची तपासणी करून या, मग तोंड उघडा!