ही गोष्ट चारचौघांत बोलण्याची आहे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचं म्हटलं की आपल्यातल्या मुक्यालाही तोंड फुटतं. आज आम्ही बोलणार आहोत लघवीबद्दल. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आम्ही चौघं आहोत, तिघे बाप्ये आणि एक बाई. बोलतो एक, पण बोलणं चौघांचं आहे. चौघांनाही मूत्राशयाचा कॅन्सर झाला आणि चौघांनीही आधी तो लपवला.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. कोणाला वेचणीच्या दिवसांत, कोणाला ज्वारीच्या काढणीत, एका सकाळी लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही. आम्ही म्हणालो, उन्हाळी लागली. धन्या-जिऱ्याचं पाणी प्यालो. दोन दिवसांत रंग साफ झाला, तेव्हा वाटलं गुण आला. गुण कसला? या रोगात रक्त आपोआप थांबतं, गाठ वाढतच राहते. बोंडात अळी शिरली तरी बाहेरून बोंड हिरवंच दिसतं, तसंच हे. बाईंचे तर आठ महिने वाया गेले. आधी पाळीचा बिघाड म्हणाले, मग लघवीचा संसर्ग म्हणाले आणि गोळ्या चालूच राहिल्या.

पुढे सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सरची शक्यता आहे, दुर्बिणीतून पाहावं लागेल.’ शक्यता म्हणजे निकाल नव्हे. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय निकाल लागत नाही. पण त्या दिवसांत हे कोणाच्या डोक्यात शिरतं? आमच्यातल्या एकाने रात्रभर हिशेब मांडला. तीन एकर कोरडवाहू. वावर विकलं तर आपण जगू, पण पोरं उघडी पडतील. त्याने ठरवलं, तपासणीलाच जायचं नाही. घरात कोणाला सांगितलं नाही.

त्याच्या बायकोने ते ओळखलं. तिने आमच्यातल्या पहिल्याला गाठलं, कारण त्याचं ऑपरेशन आधी झालं होतं. तो रात्री येऊन ओट्यावर बसला. उपदेश केला नाही. एवढंच सांगितलं, ‘दुर्बीण लघवीच्या वाटेने जाते. पोट फाडत नाहीत. मला कंबरेखाली बधिर केलं आणि त्याच वाटेने गाठ खरवडून काढली. एक-दोन दिवस नळी होती. नंतरही थोडं रक्त गेलं, मी घाबरलो होतो.’ आणि उठताना म्हणाला, ‘सोमवारी मी तुझ्यासंगं एस.टी.त बसतो.’

डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. पण भोगलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते गळी उतरलं. तिथून आम्ही एकाचे दोन झालो, दोनाचे चार.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हा रोग सापडतो तेव्हा चारांतल्या साधारण तिघांत तो आतल्या अस्तरापुरताच असतो. तेव्हा मूत्राशय वाचतं. दुसरी, तो पुन्हा उगवतो, हराळीसारखा. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बीण चुकवायची नाही. काहींना मूत्राशयात बी.सी.जी. सोडतात. लेकरांच्या दंडावर क्षयाची टोचतात तीच लस. कॅनडाच्या डॉ. मोरालेस यांनी 1976 साली या उपचाराचे निकाल मांडले. आठवड्याला एक, असे सहा आठवडे. तिसरी, रोग खोल स्नायूत गेला तर मूत्राशय काढावं लागू शकतं. आमच्यातल्या एकाच्या पोटाला पिशवी आहे. तो आजही डवऱ्यामागे चालतो. चौथी, बिडी. तिचं विष लघवीत उतरतं आणि मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतं. आम्ही तिघे बाप्ये ओढत होतो. बाईंनी कधी ओढली नाही, तरी त्यांना झाला. म्हणून ‘मी ओढत नाही’ म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. वावराच्या गिऱ्हाइकाला मागाहून.

आम्ही औषध सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. आम्ही सोबत येतो. बैठक संपल्यावर आम्ही चौघं त्या लिंबाखाली बसणार आहोत. ज्याची लघवी एकदाही लाल झाली असेल, त्याने यावं. लोकांसमोर लाज वाटत असेल तर पाणी प्यायच्या निमित्ताने या. माठ आम्ही तिथेच ठेवला आहे.