अम्मीचा घास

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

संयोजकांनी मला ‘समाज आणि आरोग्य’ असा विषय दिलाय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी पात्रता नाही. मी शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही. म्हणून फक्त एका नळीबद्दल बोलतो. ती तुमच्या-माझ्या छातीत आहे, साधारण 25 सेंटिमीटर लांबीची. तिला अन्ननलिका म्हणतात. माझ्या अम्मीची ती नळी अरुंद झाली होती आणि आम्हाला दीड वर्ष कळलं नाही.

कळलं नाही, कारण आम्ही बघितलंच नाही. आमच्याकडे अब्बा आणि आम्ही भावंडं आधी जेवायचो, अम्मी मागून. आधी तिने भाकरी सोडली, सालनात पाव भिजवून खायला लागली. मग गोश्त बंद झालं. विचारलं तर म्हणायची, “दात दुखतात.” मग नुसती पातळ खिचडी. घास छातीत अडकला की ती पाण्यावर पाणी प्यायची, कधी मोरीत जाऊन घास बाहेर काढायची. चारचौघांत याची शरम वाटते म्हणून दस्तरखानवर बसायचंच तिने टाळलं. शेजारच्या खाला म्हणाल्या, नजर लागली. मग तावीज आला. मेडिकलवाल्याने गॅसची गोळी दिली. रमजानात तर कुणाला शंकाच आली नाही, दिवसभर कुणीच खात नव्हतं. शेवटी ईदच्या कपड्यांचं माप घेताना शिवणारी बाई मला म्हणाली, “अम्मी आजारी आहेत का?” परक्या बाईला जे दिसलं, ते मला घरात राहून दिसलं नव्हतं.

दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली, म्हणजे एंडोस्कोपी. अरुंद जागेचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. आमच्या डोक्यात कॅन्सर हा एकच शब्द होता. अम्मीचा कॅन्सर नव्हता, पण तो नाही हे तुकडा तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. म्हणून दुर्बिणीला घाबरून घरी बसू नका.

मग झालं काय होतं? अम्मीला वर्षानुवर्षं छातीत जळजळ व्हायची. पोटातलं ॲसिड वर येतं, नळीच्या आतल्या अस्तराला जखम होते, ती भरते, पुन्हा होते. भाजलेली कातडी भरताना आखडते ना, तसंच आत होतं. धडधाकट नळी घास जाताना साधारण दोन सेंटिमीटर फाकते. ती 13 मिलिमीटरच्या खाली आली की कोरडा, घट्ट घास अडकायला लागतो. आणखी अरुंद झाली की मऊ अन्न आणि शेवटी पाणीसुद्धा. अम्मीने भाकरी, गोश्त, पाव सोडलं, तोच तो क्रम होता.

इलाज ऐकायला भीतीदायक वाटतो, पण आहे सरळ. गुंगीचं औषध देऊन त्या अरुंद जागेतून हळूहळू जाड होत जाणाऱ्या लवचीक नळ्या घालतात, किंवा तिथे फुगा नेऊन फुगवतात. एका बैठकीत सगळं ताणत नाहीत, कारण नळी फाटण्याचा धोका असतो. धोका कमी आहे, पण आहे. घरी आल्यावर छातीत जोराचं दुखलं, ताप आला, दम लागला, तर तडक परत न्यायचं. अम्मीला चार वेळा जावं लागलं. सोबत ॲसिड कमी करणारी गोळी, उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी. बरं वाटलं म्हणून तिने ती मनानेच बंद केली आणि घास पुन्हा अडकला. ही चूक करू नका. ज्यांची नळी पुन:पुन्हा आखडते त्यांच्यासाठी इंजेक्शन, जाळीची नळी, शस्त्रक्रिया असे पुढचे उपायही आहेत.

तिथल्या बाकावर आमच्या शेजारी विशी-बाविशीची एक मुलगी असायची. संडास साफ करायचं ॲसिड पोटात गेलेलं. तिची सासू सगळ्यांना सांगायची, “चुकून प्यायली.” मुलगी खाली मान घालून बसायची. खरं काय, मी विचारलं नाही. पण ॲसिडने भाजलेली नळी काही आठवड्यांनी आखडते आणि ते दुखणं अनेकदा वर्षानुवर्षं पुरतं. ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका, लहान मुलं त्यानेच फसतात. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, दूध-लिंबू पाजू नका, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. आणि कुणी जिवाला कंटाळून प्यायलं असेल, तर हराम-हलालचा निवाडा तेव्हा करत बसू नका. डॉक्टरला खरं सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिला गुन्हेगार धरत नाहीत. पोलिसांच्या भीतीने इलाज लांबवू नका. मन मोकळं करायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416.

आता रमजान तोंडावर आलाय, म्हणून थोडं त्याबद्दल. सेहरीला अजानच्या आधी घाईघाईत घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळतो आणि लगेच आडवे होतो. लोहाची गोळी, दुखण्यावरची गोळी, मुरुमांसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन, अशा गोळ्या नळीतच चिकटून जखम करतात. ग्लासभर पाणी प्या, अर्धा तास बसून राहा. भरपेट सेहरी करून झोपलं की ॲसिडही वर येतं. आणि आजारी माणसाने रोजे नंतर पुरे करावेत, ही सवलत कुरआनातच, सूरह अल-बकरामध्ये दिलेली आहे. अम्मीने पहिली तारीख “रोजे आहेत” म्हणून पुढे ढकलली होती. मी तेव्हा तिच्याशी बोलायला हवं होतं.

शेवटचं. घास अडकणं महिनाभर चालू असेल, वजन उतरत असेल, रक्त पडत असेल, तर गॅस म्हणून सोडून देऊ नका. त्यातून तंबाखू, गुटखा, मशेरी असेल तर एक दिवसही थांबू नका. घास अडकून थुंकीही गिळता येत नसेल, तर रात्र असली तरी निघा.

पण त्याच्याही आधी एक करा. आज घरी गेलात की अम्मीला, दादीला, भाभीला सोबत जेवायला बसवा. त्या काय खातात, काय बाजूला सारतात, किती वेळा पाणी पितात, बघा. आमच्याकडे आता सगळे एकत्र बसतात. अम्मी भाकरी खाते, बारीक चावून, सगळ्यांच्या मागून उठते. आम्ही थांबतो.