थांबण्याची किंमत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सिद्धान्त मी मुंबईत अनेक वर्षे शिकवला. वाहतूकखर्च शून्य मानावा, हे त्यातील एक सोयीचे गृहीतक. फळ्यावर ते लिहिताना गोदी आपल्या वर्गापासून फार दूर नाही, हे माझ्या कधी मनातही आले नाही. विद्यार्थ्यांना मी एकदाही तेथे नेले नाही.

आता हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जातो. २००८ साली संसदेच्या कायद्याने भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले; बंदर व नौवहन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवीही तेथे मिळते. उरणच्या एका प्रकल्पग्रस्त कुटुंबातील तरुणाने मला विचारले, "सर, हा अभ्यासक्रम घेऊ का?" मी म्हणालो, अवश्य घे.

या शास्त्राचा गाभा एकच आहे : थांबलेले जहाज म्हणजे तोटा. भाड्याने घेतलेले जहाज ठरलेल्या मुदतीपलीकडे अडकले, की त्याच्या मालकाला डेमरेज द्यावे लागते. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने सेलबंद पेट्यांतून माल धाडला तो याच हिशेबाने. पाठीवर गोणी वाहणाऱ्या टोळ्यांना जेथे अनेक दिवस लागत, तेथे आता क्रेन काही मिनिटांत एक पेटी उतरवते. ही बचत खरी आहे, तिची टिंगल करू नये.

परंतु माणसाच्या थांबण्याचे काय? सकाळी टोळीवाला गोदीच्या दारात माणसे निवडी. जहाज नसेल त्या दिवशी मजुरी नाही. त्या खोळंब्याचा भार मालकांवर टाकण्याचा मार्ग १९४८च्या गोदी कामगार कायद्याने खुला केला. बंदराच्या अर्थशास्त्रातील हा धडा मला डेमरेजइतकाच मूलभूत वाटतो. शेवा कोळीवाड्याची कुटुंबे न्हावा-शेवा बंदरासाठी उठवली गेली. पुनर्वसनाच्या जागेत घरांना वाळवी लागली. बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यानंतरही ती कुटुंबे नीट पुनर्वसनाची वाट पाहत दशकानुदशके थांबली. त्याचे डेमरेज कोणत्या वहीत लिहिले?

वाढवण बंदराला २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. मच्छीमारांचा विरोध आहे. मोर्चे आपण काढतोच, पण प्रकल्प अहवालातील मालवाहतुकीचे अंदाज तपासून त्यांवर प्रश्न विचारील असा माणूस आपल्याकडे किती ठिकाणी आहे? (मला ते जमत नाही, हे सांगून टाकतो.)

उरणच्या त्या तरुणाने अर्ज भरला आहे. शुल्काचा आकडा मोठा आहे. ज्यांना हातभार लावता येईल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.