स्वातंत्र्य आणि चाळीस एकर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचा विषय निघाला की आपण लिंकन यांचे नाव घेतो आणि तेथेच थांबतो. मला आज थॅडियस स्टीव्हन्स यांच्याविषयी बोलावयाचे आहे. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य जमिनीविना कितपत टिकेल, हा प्रश्न त्यांनी १८६५ सालीच विचारला होता.

१७९२ साली व्हरमाँटमधील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एक पाय जन्मतःच अधू होता. पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांनी वकिलीत नाव कमावले व फरारी गुलामांची वकीलपत्रे घेतली. १८३५ साली मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात असता विधिमंडळातील त्यांच्या भाषणाने तो वाचला. १८३८ साली त्या राज्याच्या नव्या घटनेने काळ्या नागरिकांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा तिच्यावर सही करण्याचे त्यांनी नाकारले. यादवी युद्धाच्या काळात ते प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते. समान नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती घडविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

परंतु त्यांची खरी दूरदृष्टी ६ सप्टेंबर १८६५ च्या लँकेस्टर येथील भाषणात दिसते. बंडखोर दक्षिणेतील सुमारे सत्तर हजार बड्या जमीनदारांकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. ती जप्त करून प्रत्येक प्रौढ मुक्त गुलामाला चाळीस एकर द्यावी, उरलेली विकून युद्धकर्ज फेडावे, अशी त्यांची योजना होती. १८६७ साली त्यांनी विधेयकही आणले. ते संमत झाले नाही. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या उत्तरेतील मालमत्ताधारकांनाही मालमत्तेच्या हक्काला हात लावणे मानवणारे नव्हते.

परिणाम काय झाला? मुक्त झालेला शेतमजूर जुन्याच मालकाच्या रानात वाट्याने राबू लागला आणि दुकानदाराच्या उधारीत बुडाला. १८७० साली मताधिकार मिळाला. पण ज्याची भाकरी मालकाच्या हाती, त्याला मत राखणे कठीण. दहशतीने तो हक्क पोखरला आणि १८९० साली मिसिसिपीने नवी घटना करून तो जवळजवळ संपविला.

११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्स वारले. वर्णभेद पाळणाऱ्या दफनभूमीत आपणास पुरू नये, ही त्यांची इच्छा पाळली गेली.

१८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या सज्जनांचे काम अर्धेच पुरे झाले होते. भूमिहीनांचा प्रश्न सवडीने पाहू, असे म्हणणाऱ्यांनी त्या अपुऱ्या अर्ध्याची किंमत कोणी मोजली, हे विसरू नये.