बंद घरांतली बुरशी

गेल्या नवरात्रांत एका स्नेह्यांबरोबर मी खालापूर तालुक्यांतील त्यांच्या घरीं गेलों होतों. मंडळी मुंबईची, मे महिन्याच्या अखेरीस घराला कुलूप लावलें, तें चार महिन्यांनीं उघडत होतीं. दार लोटतांच कुबट वास आला. चपलांवर हिरवट लव, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर करडे ठिपके आणि पश्चिमेच्या भिंतीवर काळे डाग. वहिनींनीं पदर खोचला आणि कोरड्या केरसुणीनें भिंत झाडावयास आरंभ केला. पांच मिनिटांत त्यांच्या धाकट्या मुलाला दम्याची उबळ आली. त्याला घेऊन आम्ही सर्व अंगणांत येऊन बसलों.

बुरशीला आपण मळ समजतों, ही मुळांत चूक आहे. ती सजीव आहे. तिचे सूक्ष्म बीजाणु बाराही महिने हवेंत असतात. केरसुणी लागली कीं ते लक्षावधि उधळतात. चामडें, खळ, कागद, लांकूड, फार काय, भिंतीवरची धूळदेखील तिला अन्न म्हणून पुरते. उणें असतें तें केवळ पाणी. बुरशी घालविणें म्हणजे ओल घालविणें.

कर्जत-खालापूर हा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून वर चढतात, निवतात आणि येथेंच रिते होतात. सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० च्या आंत राहिली तर बुरशीला सहसा वाढतां येत नाहीं. पण आषाढांत ती मर्यादा येथें कोठून राहणार? तरीही ठाकर-कातकऱ्यांच्या कारवीच्या कुडाच्या घरांत माणसें पावसाळे काढीत आलीं. छप्पर भिंतीच्या बरेंच बाहेर आलेलें, आणि चूल रोज पेटलेली. तें घर राहतें होतें. आमचें सिमेंटचें घर मजबूत खरें, पण चार महिने मिटलेलें.

तेव्हां पावसापूर्वीं गळती बंद करावी, पन्हळी साफ कराव्या आणि पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर पाखें काढावें. कपाटें भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीं. पुस्तकें व चामड्याच्या वस्तु उन्हांत वाळवून घट्ट झांकणाच्या डब्यांत भराव्या. कडुनिंबाचा पाला व डांबराच्या गोळ्या किडीसाठीं ठीक. ओल त्यांनीं शोषली जात नाहीं. मुसळधार पावसांत खिडक्या उघडल्यानें दमट हवाच आंत येते. उघडीप मिळतांच मात्र त्या सताड उघडाव्या.

बुरशी आलीच, तर मुलांना, वृद्धांना व दमेकऱ्यांना दूर ठेवावें. नाकातोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी बांधावी. साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें भिंत पुसावी आणि पूर्ण वाळूं द्यावी. ओल्या डागावर रंग देणें म्हणजे रोग झांकणें. बुरसलेले शेंगदाणे मात्र निवडीत बसूं नये, सर्वच टाकावे. त्यांतील विष भाजल्यानें नाहींसें होत नाहीं.

यंदा आमच्या स्नेह्यांनीं आणखी एक गोष्ट केली. जातांना घराची किल्ली शेजारच्या शेतकरी कुटुंबाकडे योग्य मोबदला ठरवून सोंपविली. दर उघडिपीला दारें-खिडक्या उघडावीं, पंखा फिरवावा, गळतें कोठें तें पाहावें, एवढेंच काम. श्रावणांत आम्ही पुन्हां गेलों. एका कोपऱ्यांत थोडी ओल होती, वास नव्हता; आणि मुलगा त्या रात्रीं घरांतच शांत झोंपला.