आजाऱ्याची खोली



विहाराच्या मागे आरोग्य तपासणीची खोली बांधायचे ठरले आहे. म्हणून मी आज औषधावर नाही, भिंतीवर बोलणार आहे. हसू नका.

मी गिरणीतला माणूस. विणाई खात्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडतात. त्यात कामगाराचा जीव कासावीस होई, पण धाग्याची सोय बरोबर पाहिलेली! मग आजारी माणसाची कोणी पाहिली का?

पाहिली आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली इस्पितळांवर पुस्तकच लिहिले. वॉर्डाला दोन्ही बाजूंनी खिडक्या हव्यात, हा त्यांचा आग्रह. फिनलंडमध्ये पाइमिओ येथे १९३३ साली आल्वार आल्टो यांनी क्षयरोग्यांचे इस्पितळ बांधले. रोगी दिवसभर आढ्याकडे बघत पडतो, हे त्यांनी ओळखले. आढ्याला शांत रंग दिला, दिवा डोळ्यांवर येणार नाही असा बसवला. शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून हात धुण्याचे भांडे आवाज न होणारे केले. क्षय म्हणजे काय, हे गिरणीवाल्यांना सांगायला नको.

पुढे १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका इस्पितळाची जुनी कागदपत्रे तपासली. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या रोग्यांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडेवाले लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याची जबर औषधेही कमी लागली. ऑपरेशन तेच, फरक खिडकीचा.

आपल्याला हे परके नाही. वैशालीच्या महावनात भिक्खूंसाठी गिलानसाला, म्हणजे आजाऱ्यांची शाळा होती. भगवान बुद्ध सायंकाळी तिथे जाऊन बसल्याचे संयुत्त निकायात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी आजाऱ्याला वेगळी जागा होती!

आपल्या वस्तीत बाळंतपणाला डागा आणि मोठ्या दुखण्याला मेयो, हे ठरलेले. दोन्ही जवळ, हे आपले भाग्य. पण माझे वडील दुसऱ्याच एका दवाखान्यात होते. डोक्यावर रात्रभर ट्यूबलाइट. बाजूचा रोगी गेला, तेव्हा मध्ये साधा पडदाही नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. औषध चालू होते, माणूस खचला होता.

आता आपली खोली. नकाशात पिंपळाकडची खिडकी बुजवून तिथे कपाट दाखवले आहे. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावा. आपल्या मे महिन्यात तिकडे खिडकी कोणालाच नको. तपासणीच्या जागी जाड पडदा पाहिजे. आणि सोबत आलेल्यांना बसायला बाक, आतला आवाज ऐकू येणार नाही इतका दूर.

नकाशा समितीकडे आहे. रविवारी वंदनेनंतर सर्वांनी पाहावा. बायांनी तर आधी पाहावा, पडद्याची गरज त्यांनाच जास्त.