अक्षरओळख आणि कळफलक

(शताब्दी वर्षानिमित्त ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साक्षर कोणास म्हणावे, हा प्रश्न हैदराबादला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, तेव्हा फारसीत मुरलेल्यांना नव्याने धडे गिरवावे लागले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. पाठ्यपुस्तके सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र अनुवाद विभाग उभारला गेला. मराठवाड्यातील कित्येक मराठी मुले त्याच माध्यमातून शिकून वकील, शिक्षक, अंमलदार झाली. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि १९५६ साली राज्यच विभागले गेले. काल इतरांचे अर्ज लिहून देणाऱ्यावर आज स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेण्याची वेळ आली. माणसाची बुद्धी तीच होती. बदलला होता तो निकष.

संगणकाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक वेगाने घडली. १९८४-८५ साली केंद्र शासनाने ‘क्लास’ हा प्रकल्प हाती घेतला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे आली. त्या पिढीच्या दृष्टीने संगणक येणे म्हणजे यंत्राच्या भागांची नावे सांगणे आणि बेसिक या आज्ञाभाषेत चार ओळी लिहिणे. पुढे पत्रे टंकित करणे आणि हिशेबाचे तक्ते मांडणे हा निकष ठरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणनात्मक विचारपद्धतीवर भर दिला. ती बीबीसी मायक्रो आज संग्रहालयात शोभेल आणि फ्लॉपी मुलांना दाखवावी लागेल. यंत्रासंबंधी जे घोकले ते यंत्राबरोबरच गेले. टिकले ते एवढेच : आपले काम ओळखणे, ते पायरीपायरीने मांडणे आणि हाती आलेले उत्तर तपासून पाहणे.

सामान्य माणूस यात कोठे उभा आहे? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, देशातील पाच वर्षांवरील व्यक्तींपैकी १६.५ टक्क्यांनाच संगणक चालविता येत होता. शहरांत हे प्रमाण ३२.४ टक्के, तर खेड्यांत ९.९ टक्के होते. संगणक-उद्योगासाठी नावाजलेल्या या नगरीलाही हे आकडे विसरता येणार नाहीत. १९९८ साली येथे सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत शेजारच्या मेदक जिल्ह्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने प्रौढ निरक्षरांना संगणकाच्या साह्याने तेलुगू वाचावयास शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. तेथे शिकणाऱ्याने संगणकाची परीक्षा द्यावयाची नव्हती. संगणकाने त्याला अक्षर द्यावयाचे होते. यंत्राचे योग्य स्थान यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

मराठीची अडचण मात्र निराळी होती. आरंभीच्या अनेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो टंक दुसऱ्या यंत्रावर नसला, की चांगला लेख रोमन चिन्हांचा कचरा होऊन समोर येई. अशा रीतीने तयार केलेल्या ग्रंथसूचीत एखाद्या लेखकाचे नाव शोधणेही दुरापास्त होई. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक अधिकृत झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. युनिकोड सर्वत्र रुजल्यावर मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निर्वेधपणे जाऊ लागला.

हैदराबादच्या मराठी कुटुंबांना मात्र याहूनही उपयोगी पडावी अशी वस्तू बहुधा दुर्लक्षितच राहिली आहे. ती म्हणजे इन्स्क्रिप्ट हा कळफलक. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला एकच आहे, हे ध्यानात घेऊन तो रचलेला आहे. स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ज्या कळीवर देवनागरीचा ‘क’, तिच्यावरच तेलुगूचाही ‘क’. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली आहे. या कळफलकावर तेलुगू लिहावयास शिकलेल्या मुलाची बोटे नकळत मराठीही शिकलेली असतात. उणीव उरते ती देवनागरी वाचण्याची. आणि घरी मराठी बोलणाऱ्या, पण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या अनेक मुलांत नेमकी तीच उणीव आहे.

वय झाले म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. पी. व्ही. नरसिंह राव यांनी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. याच गृहस्थांनी साठी उलटल्यावर संगणक शिकून घेतला आणि केवळ टंकलेखनावर न थांबता त्याच्या आज्ञाभाषाही अभ्यासल्या. अनेक भाषा आत्मसात केलेल्या माणसाला यंत्राची भाषा ही आणखी एक भाषा वाटली असल्यास नवल नाही.

ग्रंथालयाचे कर्तव्य यातूनच निश्चित होते. परीक्षा घेणे आणि प्रमाणपत्रे वाटणे हे शाळांचे व शासनाचे काम. त्यांचे निकष यापुढेही बदलत राहतील. ग्रंथालयाचा निकष साधा असावा. सभासदाला स्वतःचे पत्र स्वतःच्या भाषेत लिहिता यावे, हवे ते पुस्तक सूचीत शोधता यावे, पडद्यावर आलेली प्रत्येक गोष्ट खरी न मानता ती ग्रंथाशी ताडून पाहता यावी आणि बँकेचा गुप्त क्रमांक कोणी विचारल्यास तो देऊ नये, एवढे कळावे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वाचनकक्षातील एक मेज, एक संगणक आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी पुरेत. त्या मेजावर नातवाने आजोबांना कळ दाखवावी आणि आजोबांनी नातवाला जोडाक्षर समजावून सांगावे. दोघांपाशीही दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी आहे. या देवघेवीला विलंब झाला, तर ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतील आणि संगणक प्रत्येक घरी असेल. परंतु त्या दोहोंना जोडणारा मराठी वाचक मात्र उरणार नाही.